आयरियल प्रो: जॅझ गायला शिकताना हे ॲप कुठे कामाला येतं आणि कुठे नाही

आयरियल प्रो हे गाण्याला साथ वाजवून देणारं ॲप विकत घेऊन पहिल्यांदा उघडलं की आत ओळखीचं एकही गाणं दिसत नाही. सरावासाठी दिलेल्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांच्या) काही साखळ्या असतात, बाकी कोरं. अनेकांना इथेच फसल्यासारखं वाटतं आणि ॲपला एक तारा मिळतो. खरं तर गाणी ॲपमधल्याच फोरमवरून फुकट उतरवून घ्यायची असतात. तिथे जॅझ स्टँडर्ड्सची, म्हणजे सगळे जॅझवाले गातात-वाजवतात त्या जुन्या गाण्यांची, चौदाशेहून अधिक गाण्यांची यादी एका झटक्यात आत घेता येते. उतरवल्यावर इंटरनेट लागत नाही.

दुसरी निराशा त्यानंतरची: त्या गाण्यांत ना चाल असते ना शब्द. पडद्यावर फक्त चौकोन आणि त्यांत कॉर्डची नावं. चाल आणि शब्द यांवर स्वामित्वहक्क असतो, नुसत्या कॉर्डच्या क्रमावर तो सहसा लागू होत नाही, म्हणून ॲपवाल्यांनी तेवढंच ठेवलं आहे. तेव्हा हे गाणं शिकवणारं ॲप नाही. हा साथीदार आहे: पियानो, बास आणि ड्रम्स असं त्रिकूट. तुम्ही सांगाल त्या पट्टीत, सांगाल त्या लयीत, सांगाल तितक्या वेळा ते वाजवतं आणि कंटाळत नाही. हे बनवणारे मास्सिमो बिओल्काती स्वतः जॅझमधले बासवादक आहेत. तिन्ही वाद्यांत बासची चाल सगळ्यात पटणारी आहे, याचं आम्हाला म्हणूनच नवल वाटत नाही. पियानो मात्र दोन-तीन दिवसांत पाठ होतो.

पैसे एकदाच भरायचे, दरमहा वर्गणी नाही. आयफोनसाठी घेतलेलं अँड्रॉइडवर चालत नाही आणि मॅकसाठी पुन्हा वेगळे पैसे. वाजवण्याच्या शैलींचे काही संच वेगळे विकत मिळतात. नवख्या गायकाला त्यांची गरज नाही.

चिन्हांची सवय आधी करून घ्या. कॉर्डच्या अक्षरापुढे आडवी रेघ म्हणजे मायनर, छोटा त्रिकोण म्हणजे मेजर सेव्हन, छेद दिलेलं शून्य म्हणजे हाफ डिमिनिश्ड. एवढ्यावर निम्म्याहून जास्त गाणी वाचता येतात.

आता पट्टी. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ॲप त्यात काही मदत करत नाही. उतरवलेली गाणी बहुतेक वेळा वाद्यांना सोयीच्या पट्टीत लिहिलेली असतात. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनला जी पट्टी बरी, ती तुमच्या गळ्याला बरी असेलच असं नाही. गाणं उघडून सरळ 'प्ले' दाबणारे पहिल्याच दिवशी वर ओरडतात नाहीतर खाली घशात गुरगुरतात, आणि जॅझ आपल्याला जमत नाही असं ठरवून मोकळे होतात.

'समरटाइम' हे सुरुवातीला घेण्याजोगं गाणं. १९३५ सालच्या एका ऑपेरातलं, सोळा बारांचं (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक गट), चाल एका सप्तकात बसणारी. आपल्या भाषेत सांगायचं तर मायनरच्या मूळ स्वराला सा धरला की चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत फिरते, त्याच्या बाहेर जायची गरज नाही. त्यामुळे पट्टी काढणं सोपं जातं. ॲप बंद ठेवा, हार्मोनियम किंवा कीबोर्ड घ्या. लांबच्या माणसाला हाक मारताना जो आवाज लागतो त्या आवाजात, गळा न ताणता आणि नकली आवाजात न शिरता, वरचा कुठला स्वर तीन-चार सेकंद धरता येतो ते पाहा. तो तुमचा वरचा पंचम. तिथून काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या खाली मोजल्या की सा. एखाद्या बाईचा तो पंचम पांढरी एकवर आला, तर सा पांढरी चारवर, म्हणजे ॲपमध्ये एफ मायनर निवडायचं. पुरुषाचा पांढरी दोनवर आला, तर सा पांढरी पाचवर, म्हणजे जी मायनर. मग खालचा पंचम तपासा. तो अगदीच ऐकू येत नसेल तर अर्धा स्वर वर सरका. दोन्हींत ओढाताण होत असेल तर खालच्या बाजूला झुका; खालचा हळू स्वर माईक सांभाळून घेतो, वरचा ताणलेला स्वर कोणीच सांभाळत नाही.

शास्त्रीय शिकलेल्या मुली आपली नेहमीची काळी चार इथेही लावतात. मग 'समरटाइम'चा वरचा पंचम काळी दोनवर जातो. तो लागतो, रियाज असल्यामुळे छान लागतो, पण तिथे शब्द बोलल्यासारखे येत नाहीत, सगळ्याचा 'आ'कार होतो. जॅझमध्ये गाणं बोलण्याच्या जवळ राहायला हवं, म्हणून बहुतेक गायिका शास्त्रीय पट्टीपेक्षा बऱ्याच खाली गातात. यात कमीपणा काही नाही. प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी निघेल हेही धरून चाला. आपली एकच पट्टी आयुष्यभर, ही कल्पना इथे सोडावी लागते. ॲप प्रत्येक गाण्याची बदललेली पट्टी लक्षात ठेवतं, तेवढी एक वही वाचते.

लय निवडताना उलटी चूक होते. नवीन माणूस गाणं सोपं व्हावं म्हणून साठ-पासष्टच्या बॅलड (संथ गाण्याच्या) लयीत घेतो. ते जास्त अवघड आहे. दोन ठोक्यांमध्ये पूर्ण सेकंदाची पोकळी, श्वास पुरत नाही, आणि ठोका आत चालू ठेवायची सवय नसल्याने गायक पुढे पळतो. सुरुवातीला 'मीडियम स्विंग' शैली (स्विंग म्हणजे जॅझची झुलती लय) आणि मिनिटाला ११० ते १२० ठोके ठेवा. १८० च्या पुढे इंग्रजी शब्दांत जीभ अडखळते, तिकडे इतक्यात जाऊ नका. शैलींच्या यादीत 'स्विंग टू-फोर' नावाची एक आहे, तीही जरूर घ्या: आधी बास बारात दोनच स्वर वाजवतो, पुढे चार स्वरांची चाल धरतो. गायकाने मूळ चाल सांगताना मोकळी जागा आणि नंतर जोर, ही जॅझ बँडची नेहमीची रीत आहे, आणि दोन्हींतला फरक गळ्याला असाच कळतो.

ठोक्याचा मुद्दा आपल्याकडच्यांसाठी वेगळा सांगावा लागतो. समेवर यायची सवय इतकी खोल असते की बारातल्या एकवर आपोआप वजन पडतं, मान हलते, टाळी पडते. स्विंगमध्ये टाळी दोन आणि चारवर. ड्रम्समध्ये हाय-हॅटची झांज पायाने मिटते ती त्याच जागी. तेवढा 'चिक' आवाज कानाने पकडायचा. ॲपच्या मिक्सरमध्ये पियानो आणि बास शून्यावर न्या, फक्त ड्रम्स ठेवा, दोन-चारवर चुटकी वाजवा आणि गाण्याचे शब्द नुसते बोला. गाऊ नका. बोलताना चुटकी एक-तीनवर घसरली, तर गाताना ती घसरणारच. बहुतेकांची ओळ संपताना घसरते, कारण ओळीचा शेवट म्हणजे सम असं मन धरतं. अर्ध्या मात्रांचं प्रमाण मधल्या लयीत साधारण दोनास एक: पहिली लांब, दुसरी आखूड. लय वाढली की हा फरक कमी होत जातो. दादऱ्यासारखं ठसठशीत झुलवलं की ते स्विंगचं सोंग वाटतं. इंग्रजी शब्द स्वाभाविकपणे बोलले तर निम्मं काम आपोआप होतं.

हाच मिक्सर या ॲपचा सर्वात मोलाचा भाग आहे आणि फार कमी लोक त्याला हात लावतात. क्रम असा ठेवावा. आधी तिन्ही वाद्यांवर गा. मग पियानो बंद करा. पियानो कॉर्ड भरून देत असतो, त्यामुळे तुमचा स्वर थोडा चढा-उतरा असला तरी गर्दीत खपतो. बास एका वेळी एकच स्वर वाजवतो, तिथे लगेच उघडं पडतं. त्यानंतर बासही बंद, फक्त ड्रम्स. तीन आवर्तनं लावा, मधलं आवर्तन नुसत्या ड्रम्सवर गा आणि तिसरं सुरू होताना पियानोचा आवाज वर करा. अर्धा स्वर खाली उतरलेले सापडलात तर घाबरू नका, बहुतेक जण उतरतात. उतरण्याची जागा ठरलेली असते, खालच्या लांब स्वरांवर श्वास संपत आलेला असताना. तिथे श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने शब्दांवर मांडा. शेवटी उलटा प्रयोग: ड्रम्स बंद, फक्त पियानो. आता लय कोण राखतंय हे कळेल.

तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला जॅझमध्ये खरी अडचण येते ती सा हलण्याची. 'समरटाइम'मध्ये ती फारशी जाणवत नाही. 'ऑटम लीव्हज' घ्या, जोसेफ कोस्मा यांची १९४५ सालची चाल. ती जी मायनरमध्ये असेल तर पहिल्या चार बारांत कॉर्ड सी मायनर, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर असे जातात, म्हणजे कोमल गंधाराला सा केल्यासारखं वाटतं. पुढच्या चार बारांत कॉर्ड परत मूळ सा वर येऊन बसतात. मूर्च्छना (त्याच स्वरांत दुसऱ्याच स्वराला सा धरणं) माहीत असलेल्या माणसाला हे चटकन समजेल, पण समजणं निराळं आणि गळ्यात येणं निराळं. तानपुऱ्याचं ॲप मागे लावून जॅझचा रियाज करू नका. पंचमाच्या तारेशी अर्धे कॉर्ड भांडतात आणि कान स्थिर सा ला चिकटून बसतो.

त्याऐवजी हा व्यायाम. ॲपमधल्या सरावाच्या साखळ्यांत दोन-पाच-एक शोधा: सी मेजरमध्ये डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. सी ला सा धरून प्रत्येक कॉर्डवर एकच लांब स्वर म्हणा: म, म, ग. दुसऱ्या फेरीत: सा, नि, नि. सगळे शुद्ध. पहिल्या ओळीत मध्यम दोन कॉर्डवर तसाच राहतो आणि तिसऱ्यावर गंधारावर उतरतो. दुसरीत षड्ज निषादावर उतरून तिथेच थांबतो. प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर असे एकमेकांत वाहतात आणि कॉर्डची ओळख या दोघांतच असते. आता सराव-मांडणीत जाऊन दर आवर्तनाला पट्टी अर्धा स्वर वर सरकेल असं लावा. ॲप आपोआप सरकवतं. दर वेळी नवा सा ऐकून तोच म-म-ग लावायचा. पाचव्या-सहाव्या पट्टीला मागच्या सा ची सावली सुटेनाशी होते, तिथे थांबून बासचा स्वर ऐकून पुन्हा धरा. दिवसाला दहा मिनिटं पुरतात, त्याहून जास्त केलं तर कान बधिर होतो. एवढ्या एका सोयीसाठी ॲपचे पैसे वसूल आहेत असं आमचं मत आहे, कारण पियानो वाजवणारा माणूस हे दहा मिनिटंही आनंदाने करणार नाही.

चाल कुठून शिकायची? ध्वनिमुद्रणावरून. नॅट किंग कोल, एला फिट्झगेराल्ड, चेट बेकर यांच्यासारख्या चाल स्वच्छ सांगणाऱ्यांपासून सुरुवात करावी. बिली हॉलिडे ऐकावी जरूर, पण चाल उचलायला नको. ती मूळ चालीला इतकी मोडून, ठोक्याच्या इतकी मागे राहून गाते की नवशिका तिचा बदल हीच चाल समजून बसतो. गाणं शब्दांसकट, साथीशिवाय, दोन-चारवर चुटकी वाजवत पूर्ण म्हणता येईपर्यंत ॲप उघडूच नये. हे कडक वाटेल. पण त्याआधी उघडलं तर पडद्यावर पुढे सरकणाऱ्या चौकोनाकडे बघत गाण्याची सवय लागते, मग पडदा नसला की सोळा बारांत आपण कुठे आहोत हेच कळत नाही. नंतरही फोन पालथा ठेवून गावं.

एक मोठी उणीव: गायकाला सुरुवात मिळत नाही. ॲप ठोके मोजतं आणि थेट पहिल्या बारावर येतं, तुम्हाला पहिला स्वर कुठून मिळणार? यावर उपाय आहे. गाणं संपादनात उघडा, शेवटच्या चार बारांचे कॉर्ड सुरुवातीला लिहा आणि त्या भागाला इंट्रोची, म्हणजे गाण्याआधीच्या वाजवण्याची, खूण द्या. ती खूण दिली की तो भाग पहिल्यांदाच वाजतो, पुढच्या आवर्तनांत गाळला जातो. खऱ्या बँडमध्येही गायकाला बहुधा अशीच शेवटच्या चार किंवा आठ बारांची सुरुवात मिळते, तेव्हा सवय योग्यच लागते. शेवटही असाच बांधावा. शेवटची ओळ तीनदा म्हणून संपवायची पद्धत सगळीकडे चालते. त्यासाठी कोडाची, म्हणजे शेवटच्या जोडभागाची, खूण करून ते जादा बार तिच्याखाली लिहा, ॲप शेवटच्या आवर्तनातच तिकडे वळतं. लय रेंगाळत संपवणं मात्र याला जमत नाही. मुक्त लयीत सुरू होणारी बॅलडही याच्यावर बसत नाही. तुम्ही थांबलात म्हणून हे त्रिकूट थांबणार नाही, तुम्ही हळू झालात म्हणून ड्रम्स ब्रशवर येणार नाहीत. ज्याचा सगळा रियाज याच्यावर झाला आहे तो माणसांबरोबर गाताना ऐकत नाही, हे पहिल्या दोन ओळींत ओळखू येतं.

कॉर्डही डोळे झाकून मानू नका. फोरमवरची गाणी वापरणाऱ्यांनीच लिहिलेली आहेत. एकाच गाण्याच्या दोन-तीन आवृत्त्या असतात, आणि एखादी वादकाच्या आवडीचे भारी पर्यायी कॉर्ड घालून ठेवलेली असते. साधी चाल गाताना एखाद्या जागी दर वेळी आपणच बेसूर आहोत असं वाटलं, तर गळ्याला दोष देण्याआधी ती जागा ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहा.

आवाज कशावर ऐकता याचाही फरक पडतो. फोनच्या स्पीकरमधून बासचे खालचे स्वर जवळपास येतच नाहीत, आणि गायकाला टेकू हवा तो नेमका त्यांचाच. तारेचा इअरफोन एका कानात, दुसरा कान आपल्या आवाजासाठी मोकळा, हे सर्वात स्वस्त आणि चांगलं. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. नुसता सराव करताना चालतं, कारण तुम्ही ऐकता त्याच्याबरोबर गाता. पण ॲपमधून साथीची ऑडिओ फाइल काढून त्यावर ब्लूटूथ लावून आवाज मुद्रित केलात तर घोटाळा. १४० च्या लयीत एक ठोका ४३० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. ब्लूटूथने दीडशे-दोनशे खाल्ले तर तुम्ही जवळजवळ अर्धी मात्रा मागे ऐकू येणार. मग माणूस आपली लय कच्ची म्हणून रडतो. दुसरा फोन खोलीत ठेवून सगळं एकत्र मुद्रित करणं त्यापेक्षा बरं.

स्कॅटसाठी, म्हणजे शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर सुचेल तसं गाण्यासाठी, हे ॲप ठीक आहे, थोर नाही. चार बार गा, चार बार गप्प राहा, असं बारा बारांच्या ब्लूजवर करत राहावं. आकारात तान घेऊ नका आणि सरगमही म्हणू नका. दू, बा, दन, बॅप अशी अक्षरं घ्या, त्यांची व्यंजनं ठोका दाखवतात. निरर्थक अक्षरांचा संकोच वाटणाऱ्यांनी सी. रामचंद्रांची गाणी आठवावीत, त्यांच्या वाद्यवृंदातले गोव्याचे वादक हेच स्विंग वाजवत आले होते.

पर्याय आहेत. जेमी एबरसोल्ड यांच्या साथीच्या मुद्रणांत खरी माणसं वाजवतात, साथ जिवंत आहे, पण पट्टी आणि लय ठरलेली. गायकांच्या पट्टीतले काही खंड आहेत, तेवढेच बघावेत. बँड-इन-अ-बॉक्स संगणकावर याहून खूप काही करतं आणि तितकंच महागही पडतं. फक्त गायचं असेल तर नको. यूट्यूबवरच्या फुकट साथी पट्टी जुळली तर उत्तम, पण सहसा जुळत नाही, आणि साइटच्या सोयीने वेग बदलला की वाद्यांचा पोत बिघडतो.

पियानोवाला मिळाला तर त्याच्याकडे जाताना ॲपमधून आपल्या पट्टीतली पीडीएफ काढून छापून न्या. हे फार उपयोगी पडतं, कारण ऐनवेळी पट्टी बदलून वाजवायला सांगितलेलं कोणालाच आवडत नाही. आपण जोडलेली इंट्रो आणि शेवट त्या कागदावर आलेत ना ते पाहा. आणि त्याला लयीचा ११२ हा आकडा सांगू नका. गाण्याची एक ओळ मनात म्हणा, दोन-चारवर चुटकी वाजवा, ती बसली की 'एक, दोन, एक-दोन-तीन-चार' असं मोठ्याने मोजून द्या.